पंखावरचा बर्फ

१० मार्च १९८९, शुक्रवार. दुपारचे बारा वाजत आले होते. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ड्रायडन या छोट्या गावाच्या विमानतळावर एअर ऑन्टॅरिओ कंपनीचे फोकर एफ-२८ जातीचे जेट विमान इंजिन चालू ठेवूनच उभे होते. थंडर बेहून विनिपेगला जाताना ड्रायडन हा मधला थांबा. शाळांना मार्चची सुट्टी लागत होती, त्यामुळे विमान भरलेले होते. ६५ प्रवासी आणि ४ कर्मचारी. बाहेर ओला, मोठमोठ्या पाकळ्यांचा बर्फ पडत होता आणि पंखांवर त्याचा थर चढत होता.

खिडकीशी बसलेल्यांना तो थर स्पष्ट दिसत होता. प्रवाशांमध्ये दोन वैमानिकही होते. ते त्या दिवशी ड्युटीवर नव्हते, पण पंखावरच्या बर्फाचा अर्थ इतर कोणाहीपेक्षा त्यांना चांगला कळत होता. उड्डाणाआधी बर्फ काढण्याचा फवारा मारतीलच, असे त्यांनी धरून चालले. शिवाय कॉकपिटमध्ये बसलेल्या कॅप्टनला त्याचे काम आपण काय सांगायचे, हा संकोच होताच. विमान परिचारिकेलाही बर्फ दिसला होता. पण उड्डाणाबद्दल परिचारिकेने काही सुचवलेले वैमानिकांना रुचत नाही, हा तिचा आजवरचा अनुभव होता. तीही बोलली नाही.

तेवढ्यात एक चुकलेले छोटे सेसना विमान बर्फातून वाट काढत उतरायला आले. त्याला आधी उतरू देण्यासाठी एफ-२८ ला थांबावे लागले. थर आणखी वाढला.

मग विमान निघाले. धावपट्टीवर ते नेहमीपेक्षा लांब धावले, उचलले गेले, पुन्हा टेकले, पुन्हा उचलले गेले, पण उंची घेईना. या जातीच्या विमानाचा पंख अशा थरापुढे फार नाजूक असतो. झाडांचे शेंडे तोडत ते जेमतेम एक किलोमीटर गेले आणि जंगलात कोसळून पेटले. २४ जण गेले. दोन्ही वैमानिक त्यांत होते, आणि दोन परिचारिकांपैकी एक. बर्फ पाहून गप्प राहिलेली परिचारिका वाचली. पुढच्या चौकशीत तिची साक्ष फार मोलाची ठरली.

* * *

अपघाताचे उत्तर पहिल्याच दिवशी तयार होते. पंखावर बर्फ असताना कॅप्टनने विमान उडवले. कॅप्टन हयात नव्हता, म्हणजे प्रकरण तिथेच मिटवता आले असते. पण चौकशीचे काम अल्बर्टातले न्यायमूर्ती व्हर्जिल मोशान्स्की यांच्याकडे आले, आणि त्यांनी ते उत्तर नुसते लिहून घेतले नाही. अनुभवी, सावध म्हणून ओळखला जाणारा माणूस असे का करतो, हे ते विचारत राहिले. शंभर-दीडशे साक्षीदार झाले, तरी त्यांचे ‘का’ संपले नव्हते.

पहिला ‘का’ विमानाच्या शेपटीत सापडला. तिथे एक छोटे इंजिन असते, त्याला वैमानिक एपीयू म्हणतात. मुख्य इंजिने सुरू करायला ते लागते. या विमानाचे एपीयू बंद पडलेले होते. एपीयू नसेल तर विमानतळावरच्या यंत्राने इंजिन सुरू करता येते, पण ड्रायडनला या विमानासाठी तसे यंत्र नव्हते. म्हणजे तिथे एकदा इंजिने बंद केली की विमान अडकले. आणि इंजिने चालू असताना बर्फ काढायचा फवारा मारायला मनाई होती. फवारा हवा असेल तर इंजिन बंद करायचे, आणि बंद केले तर भरल्या विमानाने त्या छोट्या गावात अडकून पडायचे. कॅप्टन या कोंडीत सापडला होता. पण ही कोंडी त्याने निर्माण केली नव्हती. एपीयू बंद असलेले विमान कंपनीनेच ड्रायडनच्या फेरीवर पाठवले होते.

दुसरा ‘का’ थंडर बेला सापडला. तिथे दुसऱ्या एका रद्द झालेल्या विमानाचे दहा प्रवासी ऐनवेळी चढवले गेले. वजन जास्त झाले. कॅप्टनचे म्हणणे होते, जादा प्रवासी उतरवा. कंपनीच्या नियंत्रण कक्षाने सांगितले, प्रवासी राहू द्या, इंधन काढा. इंधन काढण्यात वेळ गेला, विमानाला सुमारे तासाभराचा उशीर झाला, आणि कमी झालेले इंधन ड्रायडनला भरावे लागले. इंजिन चालू, प्रवासी आत, अशा अवस्थेत इंधन भरले गेले. या साऱ्यात जी मिनिटे गेली, त्यांतच बर्फ पडायला लागला.

मोशान्स्की आणखी खाली उतरले. एअर ऑन्टॅरिओ ही दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून नुकतीच उभी राहिलेली कंपनी होती. दोन्हींच्या कामाच्या रीती वेगळ्या. पंख्याची विमाने चालवणाऱ्या या कंपनीने जेट विमाने घेतली, पण त्यांची स्वतःची पुस्तिका तयार केली नव्हती. कोणी एका अमेरिकी कंपनीची पुस्तिका वापरत होता, कोणी दुसरीची. सरकारच्या वाहतूक खात्याने १९८८ मध्ये कंपनीची तपासणी केली, पण त्या तपासणीत नवे एफ-२८ पाहिलेच गेले नाही. त्याच काळात कॅनडात विमान वाहतूक खुली झाली होती, कंपन्या वाढल्या होत्या, आणि तपासनिसांच्या संख्येला व पैशांना मात्र कात्री लागलेली होती.

मार्च १९९२ मध्ये मोशान्स्कींचा अंतिम अहवाल आला. त्यात १९१ शिफारशी होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच कंपनीच्या कार्यालयाला आणि सरकारी खात्याला उद्देशून होत्या. ड्रायडनला एक वैमानिक चुकला एवढेच घडले नव्हते. त्याला चुकीच्या उंबरठ्यावर आणून सोडणारी सगळी व्यवस्थाच तिथे उघडी पडली होती. त्याच मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर दुसरे एक एफ-२८ पंखावरच्या बर्फामुळे पडले आणि २७ माणसे गेली. विमान त्याच जातीचे, कारणही तेच. ड्रायडनचा धडा शिकलेल्या माणसांपासून लाग्वार्डियाच्या धावपट्टीपर्यंत तो पोचला नव्हता.

* * *

धडा पोचत नाही, हे दुखणे जुने होते. त्याचा सगळ्यात कडवा दाखला अमेरिकेत १९७४ मध्ये मिळाला होता.

त्या वर्षी १ डिसेंबरला टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे बोइंग ७२७ विमान वॉशिंग्टनकडे येत होते. वारा जोराचा असल्यामुळे त्याला डलस विमानतळाकडे वळवले गेले. धावपट्टी अजून चाळीस मैलांहून दूर असताना नियंत्रकाने उतरण्याच्या मार्गाची परवानगी दिली. या परवानगीचा अर्थ नियंत्रकांच्या लेखी एक होता आणि वैमानिकांच्या लेखी दुसरा. आता आपण १,८०० फुटांपर्यंत खाली येऊ शकतो, असे वैमानिकांना वाटले. नकाशावर त्या टप्प्यासाठी ३,४०० फुटांचा आकडा होता, तो त्यांना दिसलाही, त्यावर कॉकपिटमध्ये बोलणेही झाले. पण नियंत्रकाने परवानगी दिली म्हणजे पुढचा रस्ता मोकळा, अशी त्यांनी समजूत करून घेतली. बर्फाळ ढगांतून उतरत ते विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळले. विमानातले सर्व ९२ जण ठार झाले.

चौकशीत एक गोष्ट पुढे आली. साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचे एक विमान त्याच जागी, तशाच परवानगीमुळे, तितकेच खाली आले होते. ते थोडक्यात वाचले. त्या वैमानिकांनी घडलेले लपवले नाही. कंपनीत नुकत्याच सुरू झालेल्या नोंद-योजनेत त्यांनी ते कळवले, आणि युनायटेडने आपल्या सगळ्या वैमानिकांना सावध केले. पण ही माहिती युनायटेडच्या कुंपणाबाहेर गेली नाही. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांना त्या डोंगराबद्दल कोणी सांगितले नव्हते.

चौकशी मंडळातही एकमत झाले नाही. तिघांनी दोष वैमानिकांकडे दिला, दोघांनी नियंत्रण व्यवस्थेकडे. पण माहिती पोचली नाही म्हणून माणसे मेली, हे सगळ्यांना कळले होते.

अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, लगेच वैमानिकांना चुका कळवण्याचे आवाहन केले. अडचण उघड होती. एफएए हेच दंड करणारे खाते. ज्याच्या हातात छडी आहे, त्याच्यापुढे जाऊन आपली चूक कोण सांगणार? म्हणून नोंदी घेणारे हात वेगळे शोधले गेले. नासा ही अवकाश संशोधन संस्था. तिच्याकडे वैमानिकांचा परवाना काढून घेण्याचा अधिकार नव्हता, आणि तिच्यावर त्यांचा विश्वास तर होताच. १५ एप्रिल १९७६ रोजी नासाने कॅलिफोर्नियातल्या एम्स केंद्रातून विमान सुरक्षा नोंद योजना सुरू केली. तिची घडी चार्ल्स बिलिंग्स या डॉक्टरने बसवली.

या योजनेच्या छापील अर्जावर वरच्या भागात एक पट्टी असे. नाव, पत्ता, दूरध्वनी अशी ओळख त्या पट्टीवर लिहायची. खाली आपल्या शब्दांत काय घडले ते. विश्लेषक आधी अर्ज वाचत, काही कळले नाही तर दूरध्वनी करून विचारत, आणि मग ती पट्टी फाडून, तारखेचा शिक्का मारून लिहिणाऱ्याला टपालाने परत पाठवत. नासाकडे नाव नसलेला कागद उरत असे. वैमानिकाकडे राहिलेली पट्टी म्हणजे आपण दहा दिवसांच्या आत चूक कळवल्याचा पुरावा. ती दाखवली, आणि चूक जाणूनबुजून केलेली नसली आणि त्यात गुन्हा वा अपघात नसला, तर दंड माफ. आज या योजनेत आलेल्या नोंदी २० लाखांच्या पुढे गेल्या आहेत, आणि नोंद करणाऱ्याचे नाव या योजनेतून बाहेर फुटलेले नाही.

डेन्मार्कने हाच विचार २००१ मध्ये कायद्यात आणला. हवाई वाहतूक नियंत्रकांनी आपली चूक वेळेत कळवली तर शिक्षा नाही. आधीच्या वर्षात तिथे अशा १५ नोंदी आल्या होत्या. कायद्यानंतरच्या पहिल्या वर्षात ९८० आल्या. नियंत्रक तेच होते आणि आकाशही तेच.

* * *

नोंदी गोळा करणे हा एक भाग झाला. आलेल्या नोंदीचे पुढे काय करायचे, कोणी करायचे, पैसा कोण देणार, हे ठरलेले नसेल तर कागद कपाटातच राहतो. हा दुसरा धडा समुद्रातून आला.

६ जुलै १९८८ च्या रात्री स्कॉटलंडजवळ उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या फलाटावर स्फोट झाले. १६७ माणसे मेली. दिवसपाळीत एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढली होती, तिच्या जागी नुसते झाकण बसवले होते. रात्रपाळीला ते कळले नाही. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच पंप सुरू केला. लॉर्ड कलेन यांनी १९९० मध्ये दिलेल्या अहवालात कंपन्यांवर एक नवी जबाबदारी टाकली. नियम पाळले म्हणून सांगू नका, आपल्या कामात धोके कोणते आणि ते तुम्ही कसे सांभाळता, हे तुम्हीच लिहून दाखवा.

रसायन आणि तेल उद्योगात हा विचार आकार घेत होता, त्याच सुमारास मँचेस्टरचे मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी माणसाच्या चुकांचा अभ्यास करून छिद्रे असलेल्या चीजच्या कापांचे चित्र जगापुढे ठेवले. प्रत्येक काप म्हणजे एक संरक्षण. प्रत्येकाला भोके असतातच, पण एरवी ती एका रेषेत येत नाहीत. ज्या दिवशी येतात, त्या दिवशी अपघात होतो. ड्रायडनच्या कथेत ही भोके मोजता येतात. बंद एपीयू, नसलेले यंत्र, जादा प्रवासी, न तपासलेले विमान, न बोललेली परिचारिका.

या दोन प्रवाहांच्या संगमातून विमान वाहतुकीत ‘सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टीम’ उभी राहिली. कचेऱ्यांत तिला थोडक्यात एसएमएस म्हणतात.

तिची तातडी किती होती ते मिलानच्या लिनाटे विमानतळावर दिसले. ८ ऑक्टोबर २००१ च्या सकाळी तिथे दाट धुके होते. जमिनीवरची विमाने दाखवणारे रडार कार्यरत नव्हते. एका छोट्या सेसना जेटला उत्तरेकडच्या वाटेने जायला सांगितले होते, ते दक्षिण-पूर्वेकडच्या वाटेला लागले. वाटेत जमिनीवर रंगवलेली ‘एस ४’ ही खूण दिसल्यावर वैमानिकाने ती नियंत्रकाला कळवली. पण ती खूण नियंत्रकाकडच्या कोणत्याच नकाशावर नव्हती. विमानतळाच्या जमिनीवर एक खूण होती आणि कागदावर ती अस्तित्वातच नव्हती. सेसना चालत्या धावपट्टीवर आले. कोपनहेगनला निघालेले एसएएस कंपनीचे एमडी-८७ त्याच्यावर आदळले आणि पुढे सामानाच्या इमारतीत घुसले. ११८ जण गेले. लिनाटेला चालती सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली नव्हती, हे इटलीच्या तपास संस्थेने अहवालात नमूद केले.

कॅनडाने २००५ मध्ये मोठ्या विमान कंपन्यांना एसएमएस सक्तीची केली. ड्रायडनचे ओझे त्या देशावर होतेच. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, आयकाओने, या विषयावर आपली पहिली मार्गदर्शिका काढली. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी विमान वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय शिकागो कराराला एकोणिसावे परिशिष्ट जोडले गेले, ते पूर्णपणे सुरक्षा व्यवस्थापनाला वाहिलेले. १४ नोव्हेंबर २०१३ पासून ते लागू झाले. त्याआधी करारात नवे परिशिष्ट जोडले जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता.

परिशिष्टात या व्यवस्थेचे चार खांब सांगितले आहेत. कागदावर ते कोरडे वाटतात, पण प्रत्येकामागे कोणाचा तरी मृत्यू आहे.

पहिला खांब धोरणाचा. प्रत्येक कंपनीत एक ‘अकाउंटेबल मॅनेजर’ असला पाहिजे, आणि पैशाच्या चाव्याही त्याच्याच हातात असल्या पाहिजेत. सुरक्षा अधिकाऱ्याने धोका दाखवला आणि खर्चाला नकार मिळाला, असे झाले तर तो नकार कोणाचा, हे नावानिशी कळावे. प्रवासी ठेवा, इंधन काढा, असा हुकूम थंडर बेच्या वैमानिकाला मिळाला तेव्हा असे नाव कुठे लिहिलेले नव्हते.

दुसरा खांब जोखमीचा. धोका आणि जोखीम यांत इथे फरक करतात. धावपट्टीशेजारी मोकाट फिरणारे कुत्रे हा धोका. ते उड्डाणाच्या क्षणी धावपट्टीवर येण्याची शक्यता किती, आणि आले तर नुकसान किती मोठे, यांचा मेळ म्हणजे जोखीम. शक्यतेच्या पाच पायऱ्या आणि गांभीर्याच्या पाच, असा पंचवीस घरांचा तक्ता मांडतात. लाल घरात पडलेली जोखीम असेल तर काम थांबवायचे. नवे विमान येते, दोन कंपन्या एकत्र होतात, नवा मार्ग सुरू होतो, तेव्हा हा तक्ता आधी मांडायचा. एअर ऑन्टॅरिओत नेमके हेच राहिले होते.

तिसरा खांब खात्रीचा. ठरवले ते घडते आहे का, हे आतल्याच माणसांनी तपासत राहायचे. विमानाच्या यंत्रात नोंदलेली माहिती काढून उतरताना वेग जास्त होता का, उंची चुकली का, हे पाहायचे. चौथा खांब प्रशिक्षणाचा आणि संवादाचा. माउंट वेदरच्या डोंगराची बातमी एका कंपनीच्या कुंपणात राहू नये, त्यासाठी तो.

* * *

भारतात हा विषय प्रत्यक्षात पोचला, तेव्हा दारात मृतदेह होते.

२२ मे २०१० च्या पहाटे दुबईहून निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ मंगळूरच्या बज्पे विमानतळावर उतरत होते. इथली धावपट्टी टेबलटॉप, डोंगर सपाट करून बांधलेली, आणि टोकाला खोल दरी. विमान फार उंचावरून, वेगात आले. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर ते सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन टेकले. उरलेल्या जागेत ते थांबले नाही. १६६ पैकी १५८ जण मृत्युमुखी पडले, ८ वाचले.

चौकशी न्यायालयाचे प्रमुखपद हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्याकडे होते. त्यांच्या अहवालात कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणाचा भाग वाचताना अंगावर काटा येतो. दोन तासांच्या त्या मुद्रणात पहिला एक तास चाळीस मिनिटे कॅप्टन झोपलेला होता. घोरण्याचा आवाज येत होता. शेवटच्या टप्प्यात सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला, असे तीनदा सांगितले. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्रही ओरडत होते. कॅप्टन उतरत राहिला.

कॅप्टनने उतरणे सोडले नाही, हे अहवालाने थेट कारण मानले. पण अहवाल त्यापुढेही गेला. त्या आठवड्यात मंगळूरचे रडार बंद होते, त्यामुळे विमानाला खाली येण्याची परवानगी उशिरा मिळाली. आणि सहवैमानिकाने तीनदा सांगूनही विमानाचा ताबा का घेतला नाही? सहवैमानिकाने स्वतः ‘गो अराउंड’ करायचे की नाही, याबद्दलच्या सूचनांमध्येच संदिग्धता होती, असे अहवालाने नोंदवले. तो बोलला होता. त्यापुढे त्याने नेमके काय करायचे, हे त्याला कोणी स्पष्ट सांगितलेले नव्हते.

त्याच वर्षी जुलैमध्ये नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाने सुरक्षा व्यवस्थापन प्रणाली उभारण्याविषयी आपले नियम जारी केले. विमान कंपन्या, दुरुस्ती करणाऱ्या संस्था, विमानतळ, प्रशिक्षण संस्था यांना ती उभारायची होती. कंपन्यांमध्ये सुरक्षा विभाग उभे राहिले, पुस्तिका तयार झाल्या, नोंदीचे अर्ज आले, भिंतींवर फलक लागले.

थोडक्यात टळलेला प्रसंग ही अशा विभागाची खरी पुंजी असते. पुण्यात १५ फेब्रुवारी २०२० रोजी असा प्रसंग घडला. दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे एअरबस ए-३२१ उड्डाणाच्या वेगात असताना वैमानिकांना धावपट्टीवर जीप आणि माणूस दिसला. त्यांनी नेहमीपेक्षा आधी विमान उचलले. शेपटी धावपट्टीला घासली, पण विमान हवेत गेले आणि दिल्लीला सुखरूप उतरले. पुण्याची धावपट्टी हवाई दलाची, त्यावरून नागरी विमानेही उडतात. दोन यंत्रणांची माणसे एकाच जमिनीवर काम करतात तेव्हा एकाची माहिती दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने आणि किती सेकंदांत जाते, हा प्रश्न त्या घासलेल्या शेपटीने विचारला. शेकडो घरांत त्या रात्री सुतक पडले नाही, म्हणून तो बातम्यांत दोन दिवसांत विरला.

सहा महिन्यांनी कोळीकोड आले.

७ ऑगस्ट २०२०. कोविडच्या काळात परदेशांत अडकलेल्यांना आणणारे एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ दुबईहून आले. कॅप्टन होते दीपक साठे, हवाई दलाचे माजी विंग कमांडर, अनुभवी मराठी वैमानिक. संध्याकाळ, मुसळधार पाऊस. कोळीकोडची धावपट्टीही टेबलटॉप. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला आणि विमान पुन्हा वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात ते दुसऱ्या दिशेने, पाठीमागून वारा असताना, धावपट्टीच्या निम्म्यावर जाऊन टेकले, आणि टोकावरून खाली घसरून तुटले. २१ जण गेले. दोन्ही वैमानिक त्यांत होते.

विमान अपघात तपास संस्थेचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटल्यावरही विमान उतरवले गेले, हे त्यात आहे. पण तो मोशान्स्कींसारखा आणखी खाली गेला. कॅप्टनना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच विमानतळावरून उड्डाण करायचे होते. कोळीकोडला पुरेसे कॅप्टन ठेवलेले नव्हते, आणि याचा संबंध अहवालाने कंपनीच्या मनुष्यबळ धोरणाशी जोडला. काहीही करून इथेच उतरायचे, हा त्या संध्याकाळचा ओढा त्या वेळापत्रकातून आला होता. या अपघातात व्यवस्थेच्या अपयशाचा वाटा दुर्लक्षित करता येणार नाही, असे तपास पथकाने लिहिले.

ते अपयश मंगळूरनंतर दहा वर्षांनी, त्याच कंपनीत आणि त्याच जातीच्या विमानात घडले. त्या दहा वर्षांत सुरक्षेच्या पुस्तिका लिहून झाल्या होत्या. कोणाला कोणती फेरी द्यायची आणि कुठे किती कॅप्टन ठेवायचे, हे ठरवणाऱ्या टेबलापर्यंत त्या पुस्तिकेतली जोखीम पोचली नव्हती. अकाउंटेबल मॅनेजरची सही असलेले धोरण भिंतीवर होते, आणि ड्युटीची यादी दुसऱ्याच खोलीत तयार होत होती.

ड्रायडनची परिचारिका बोलली नाही. मंगळूरचा सहवैमानिक तीनदा बोलला. कोळीकोडचाही बोलला. यापुढचे काम प्रशिक्षण केंद्रांत चालते. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे हलणाऱ्या नकली कॉकपिटमध्ये, प्रशिक्षक कधी कधी कॅप्टनच्या खांद्यावर हळूच हात ठेवतो. ठरलेली खूण असते. आता तू गप्प राहायचे. विमान चुकीच्या उंचीवर, चुकीच्या वेगात धावपट्टीकडे येत असते. शेजारी बसलेल्या तरुण सहवैमानिकाला हे माहीत नसते. तो आकडा सांगतो. उत्तर येत नाही. तो पुन्हा सांगतो, आवाज चढवून. कॅप्टन समोर पाहत राहतो. मग त्या तरुणाचा हात स्टिअरिंगवर जातो, दुसऱ्या हाताने तो इंजिनांचे दांडे पुढे ढकलतो आणि मोठ्याने म्हणतो, “आय हॅव कंट्रोल.” विमानाचे नाक वर उचलले जाते. मागे बसलेला प्रशिक्षक वहीत वेळ लिहितो, किती सेकंद लागले ते.